शेवटच्या पाच मिनिटांचा माणूस

गोव्यात नवा फॉरवर्ड आला की कुणी फारसं डोकं शिणवत नाही. मोबाइलवर त्याच्या गोलांचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ बघायचा, "बरा दिसतो" म्हणायचं, विषय संपला. नवा स्टॉपर, म्हणजे गोलासमोर मधोमध उभा राहणारा बचावपटू, आला की मात्र पंचनामा सुरू होतो. उंची किती, वय किती, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय का, आधीच्या क्लबनं का सोडला, लाल कार्डं किती खाल्ली. आणि हा पंचनामा चालतो तो ऐन पावसात, जेव्हा मैदानांवर चिखल असतो आणि बघायला एकही मॅच नसते. मे महिन्यात छपराची कौलं कितीही नीट परतून घ्या, गळतंय कुठे ते पहिल्या पावसाशिवाय कळत नाही. स्टॉपरचं तसंच आहे. तरी जुलैमध्ये आमच्या फोंड्याच्या बाजारातल्या हॉटेलात भाजी-पाव आणि मिरची-भज्यांवर त्याच्या गळतीच्या जागा आधीच नक्की झालेल्या असतात.

या बैठकीत ठरलेली माणसं असतात. एक माझा मामा, जो तरुणपणी गावच्या क्लबातून सेंटर हाफ खेळला आणि त्यानंतर फुटबॉलात जे काही झालं ते उतरणीला लागल्याचं मानतो. एक निवृत्त मास्तर. आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला असलेला एक पोरगा, त्याला आम्ही आकडेवाला म्हणतो. कुठल्या खेळाडूनं किती टॅकल केले, किती बॉल उडवले, सगळं त्याच्या मोबाइलवर असतं. मामाला मोबाइलवरचं काही दाखवायचं नाही, असा एक अलिखित नियम आहे.

स्टॉपरच्या बाबतीत आम्ही इतके संशयी का, हे बाहेरच्या माणसाला सांगायचं तर 2015 पासून सुरुवात करावी लागते. 20 डिसेंबरचा रविवार, आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची फायनल, तीही आपल्याच घरी, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर. 87व्या मिनिटाला जोफ्रेनं फ्री किकवर गोल घातला आणि एफसी गोवा 2-1 नं पुढे गेला. स्टेडियममध्ये माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. पुढच्या चार-पाच मिनिटांत चेन्नईयिननं दोन गोल केले, त्यातला एक तर आपलाच आपल्यावर, आणि कप चेन्नईला गेला. हातातोंडाशी आलेला घास म्हणजे काय, ते त्या रात्री वीस हजार माणसांना एकाच वेळी कळलं.

मग 2019. फायनल मुंबईत, समोर बेंगळुरू. नव्वद मिनिटं कोरी, अतिरिक्त वेळेत अहमद जाहू लाल कार्ड घेऊन बाहेर, दहा जणांनी कसाबसा किल्ला धरलेला. पेनल्टी शूटआउट तीन-चार मिनिटांवर आलेलं असताना एक कॉर्नर आला आणि राहुल भेकेनं डोकं लावलं. भेके मुंबईचा, आडनावानं आमचा आणि पेशानं स्टॉपर. एरवी एका मराठी मुलानं आयएसएलची फायनल जिंकून दिली म्हणून आम्ही पेढे वाटले असते. त्या रात्री मास्तर एवढंच म्हणाले, "मुंबईचा होता तर मुंबईकडून तरी खेळायचं होतं."

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. फातोर्ड्याचा प्रेक्षक नव्या स्टॉपरकडे बघतो तो याच दोन फायनलांच्या चष्म्यातून. त्याला त्या खेळाडूशी देणंघेणं नसतं. त्याच्या मनात एकच प्रश्न: शेवटच्या पाच मिनिटांत, कॉर्नरला, हा माणूस कुठे उभा असणार?

2023 च्या जुलैमध्ये भारताचा स्टॉपर संदेश झिंगन एफसी गोवात आला तेव्हा पंचनामा नेहमीपेक्षा लांबला, कारण त्याच पावसाळ्यात आमचा स्टॉपर अन्वर अली गेला होता. अन्वरची गोष्ट आम्हाला आपली वाटायची. त्याच्या हृदयात दोष निघाला, भारतीय फुटबॉल महासंघानं खेळायला मनाई केली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि त्यातून बाहेर पडून तो 2021-22 च्या मोसमात गोव्याच्या जर्सीत उतरला. इतर क्लब त्याला हात लावायला कचरत असताना गोव्यानं त्याला खेळवलं, याचा आम्हाला अभिमान होता. जणू वैद्यकीय अहवालावर आम्हीच सही केली होती. मागून चाळीस-पन्नास मीटरचा पास तो असा द्यायचा की विंगरला पळता पळता फक्त पाय लावायचा. आणि वय बावीस. तो कोलकात्याला मोहन बागानकडे गेला आणि आला कोण, तर त्याच महिन्यात तीस पूर्ण करणारा झिंगन.

"बावीस देऊन तीस घेतले," आकडेवाला म्हणाला. "हा कुठला हिशेब?"

हिशेब होता, पण तो वयाचा नव्हता. आयएसएलनं 2021-22 पासून मैदानावरच्या परदेशी खेळाडूंची संख्या पाचावरून चारावर आणली. चार जागा. बहुतेक प्रशिक्षक त्या पुढच्या फळीत आणि मधल्या फळीत घालतात, कारण गोल तिथून येतात. म्हणजे मागे उभा राहायला विश्वासाचा भारतीय स्टॉपर मिळाला तर एक परदेशी जागा पुढे मोकळी होते. असे भारतीय स्टॉपर देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. झिंगन त्यातला होता. 2014 ला पहिल्याच आयएसएलमध्ये तो केरळ ब्लास्टर्सकडून उदयोन्मुख खेळाडू ठरला, 2020 मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि गोव्यात यायच्या चारच महिने आधी, मार्च 2023 ला, फातोर्ड्यालाच झालेल्या आयएसएल फायनलमध्ये तो बेंगळुरूच्या बचावात होता. म्हणजे आमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्याला डोळ्यांनी बघितलेला. तरी मत एक होईना.

मामाचा पहिला आक्षेप गुडघा. ऑक्टोबर 2019 मध्ये झिंगनच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि त्याचा अख्खा मोसम गेला होता. पुढे 2021 मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिक क्लबानं त्याला घेतलं, पण तिथेही तो दुखापतीमुळे एकही मॅच न खेळता परतला. "तिशीनंतर गुडघा घरचा राहत नाही," मामा म्हणाला. आमच्या बैठकीत गुडघ्यावर सगळेच अधिकारवाणीनं बोलतात. मास्तरांचे तर दोन्ही बदलून झालेत.

दुसरा आक्षेप पासचा. त्याच उन्हाळ्यात मानोलो मार्केझ हैदराबाद सोडून गोव्याचे प्रशिक्षक झाले होते. त्यांचा संघ मागून खेळ रचणारा. अन्वरसारखा लांब पास झिंगन देत नाही, मग याला घेतलं कशाला? यावर मामानंच उलट बाजू घेतली, हे विशेष. "साधा पास बाजूच्याला देणं हा दोष कधीपासून झाला? ज्याला पास येतो त्याला द्यायचा आणि आपण आपली जागा धरायची." बाजूचा म्हणजे ओदेई ओनाइंदिया, स्पॅनिश, मार्केझबरोबर हैदराबादला खेळलेला. पाय शांत, डोकं शांत. हे जोडीचं गणित मला तेव्हा सगळ्यांत पटलं, आणि आजही वाटतं की स्टॉपर एकटा मोजताच येत नाही. त्याच्या बाजूला कोण उभा आहे आणि त्याच्या पुढ्यात मधल्या फळीत झाडू मारायला कोण आहे, हे सांगितल्याशिवाय "हा चांगला, तो वाईट" या बोलण्याला अर्थ नाही. एकाच माणसाला दोन वेगळ्या जोड्यांत बघितलं की तो दोन वेगळे खेळाडू वाटतो.

तिसरा मुद्दा सगळ्यांत मोठा, आणि तिथं गुण आणि दोष असे दोन खाने करताच येत नाहीत. झिंगन भिडतो. बॉल आणि गोल यांच्यामध्ये शरीर घालायचं असेल तर तो मागेपुढे बघत नाही. शॉट अंगावर घेऊन वर मुठी आवळून असा ओरडतो की स्टँडमधल्या माणसालाही आपणच गोल वाचवला असं वाटतं. केरळच्या लोकांनी त्याला उचलून धरला तो याचसाठी. पण जो भिडायला पुढे जातो त्याच्या मागे जागा सुटते. जो शेवटच्या क्षणी पाय घालतो त्याचा पाय कधी उशिरा पडतो आणि रेफरीचा हात खिशाकडे जातो. ही त्याची धमक काढून घ्या, कार्डं कमी होतील. मग उरेल तो झिंगन नसेल. लोक "याच्यात हे एवढं सुधारलं तर" असं म्हणतात तेव्हा मला गंमत वाटते. मुर्तादा फॉलच्या बाबतीतही आम्ही हेच म्हणायचो. सेनेगलचा हा उंचापुरा गडी 2018 ते 2020 आमच्याकडे होता, कॉर्नरला पुढे जाऊन डोक्यानं गोल घालायचा, आणि त्याला मागे वळायला लागलं की स्टँडमध्ये छातीत धस्स व्हायचं. उंच आणि जड आहे म्हणून तर तो हवेत जिंकायचा, आणि त्याच कारणानं तो सावकाश वळायचा.

आकडेवाल्याशी माझं भांडण इथेच आहे. तो म्हणतो, अमक्यानं मॅचमध्ये बारा बॉल उडवले, तमक्यानं चारच, म्हणून अमका भारी. अरे, ज्याच्या संघाला नव्वद मिनिटं चोप बसतोय त्याच्या स्टॉपरला बारा काय, वीस बॉल उडवावे लागतील. चांगला स्टॉपर उभाच अशा ठिकाणी राहतो की समोरचा तिथं पासच देत नाही. न दिलेला पास कुठल्या तक्त्यात लिहिणार? टीव्हीवर तर तो दिसतही नाही, कारण कॅमेरा बॉलच्या मागे धावतो आणि स्टॉपरचं निम्मं काम बॉल दुसऱ्या टोकाला असताना चालतं. म्हणून मामा टीव्हीवर मॅच बघत नाही. फोंड्याहून कदंबच्या बसनं बोरीचा पूल ओलांडून मडगावला जायचं, स्टँडवर उतरून चालत फातोर्डा गाठायचं आणि जमेल तेवढं वर बसायचं. सगळं मैदान एका नजरेत आलं पाहिजे. आपला कॉर्नर असताना सगळे पुढे बघतात, मामा मागे बघतो: समोरच्यांचा एकटा फॉरवर्ड मध्यरेषेवर उभा आहे, त्याच्या कुठल्या अंगाला आपला माणूस आहे, किती अंतरावर.

मामाचं म्हणणं, स्टॉपर पायांवरून ओळखावा. हे त्यानं मला एकदा गावच्या मैदानावर दाखवलं. पाऊस उघडला होता, पोरं चिखलात खेळत होती. तेरा-चौदा वर्षांचा एक उंच मुलगा मागे उभा, दोन्ही पाय एका रेषेत, छाती समोर. विंगर आला, डावीकडे झुकला, उजवीकडून निघून गेला. मुलगा वळेपर्यंत खेळ खलास. मामा पँट वर दुमडून, चपला काठावर काढून चिखलात उतरला. छत्रीच्या दांड्यानं मुलाच्या उजव्या टाचेला टोचलं, "हा मागे ने." मग खांद्याला धरून त्याला चतकोर वळवला. "आता एका बाजूला तू आधीच वळलेला आहेस. दुसरी बाजू त्याला देऊ नकोस, संपलं." विंगर पुन्हा आला. या वेळी त्याला रेषेकडेच जावं लागलं, आणि रेषेजवळ मुलानं बॉल चिखलात नुसता थांबवला. टॅकल नाही, उडी नाही. मामा परत येऊन चपला शोधत म्हणाला, "गवळी असा उभा राहायचा."

महेश गवळी हे मामाचं दैवत आहे. गोव्याचा माणूस, टाटा फुटबॉल अकादमीत घडलेला, पुढे भारताचा स्टॉपर आणि नंतर राष्ट्रीय संघाचा सहप्रशिक्षक. प्रशिक्षक आर्मांदो कुलासोंच्या डेंपो क्लबानं 2007-08, 2009-10 आणि 2011-12 मध्ये आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली वरची लीग, जिंकली, त्या संघाच्या मागच्या फळीत गवळी आणि समीर नाईक अशी दोन आपली आडनावं होती. गवळी काही ताडमाड नव्हता. त्याचे कपडे मॅच संपल्यावरही स्वच्छ असायचे, असं मामा सांगतो. थोडं वाढवून सांगत असणार, पण मुद्दा कळतो. झिंगनचे कपडे दहाव्या मिनिटाला मळलेले असतात. मामाच्या लेखी ही खालची प्रत. माझ्या लेखी नाही. काही संघांना मळणारा माणूस लागतो, आणि 2015, 2019 बघितलेल्या संघाला तो नक्कीच लागत होता.

तर पहिल्या पावसात काय झालं? 2023-24 च्या सुरुवातीला गोवा असा खेळला की आमची बैठक विषयाअभावी मोडायची वेळ आली. मागची फळी घट्ट, झिंगन ओरडतोय, ओदेई न बोलता जागा भरतोय. मग जानेवारी 2024 मध्ये आशियाई कपात सीरियाविरुद्ध झिंगनचा गुडघा पुन्हा गेला. मोसम संपला. मामानं "मी म्हटलं नव्हतं?" असं तोंडानं म्हटलं नाही, पण चहा मात्र दोन दिवस त्याचाच होता.

आणि मग 24 एप्रिल. सेमीफायनलचा पहिला लेग, म्हणजे दोन मॅचांतली पहिली, फातोर्डा, समोर मुंबई सिटी. बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिसच्या गोलांवर गोवा 2-0 नं पुढे, आणि तो आकडा नव्वदाव्या मिनिटापर्यंत तसाच. आमच्याबरोबर आलेल्या एकाला सकाळची पाळी होती, तो शेवटची बस चुकू नये म्हणून 88व्या मिनिटाला उठला. "उद्या पेपरात वाचतो," म्हणाला. मग छांगते, लगेच विक्रम प्रताप सिंग, आणि जादा वेळ संपता संपता पुन्हा छांगते. 2-3. स्टँडमध्ये कुणी शिवीही देईना. बोरीच्या पुलावरून त्याचा फोन आला, बसमध्ये कुणीतरी 3-2 म्हणतंय, तिसरा आपला कुणी घातला?

झिंगन असता तर? हा प्रश्न आम्ही पुढचा अख्खा पावसाळा चघळला. मास्तर म्हणाले, असता तर निदान एक तरी अडला असता. मामा म्हणाला, सात-आठ मिनिटांत तीन गोल होतात तेव्हा ती स्टॉपरची चूक नसते, अकराच्या अकरा माणसं घाबरलेली असतात. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं, पण कल मास्तरांकडे. घाबरलेल्या दहा माणसांना जागेवर उभं करणं हेसुद्धा स्टॉपरचंच काम आहे, आणि ते तोंडानं करायचं असतं. 2-0 चा 2-1 झाल्यावर बॉल गोलजाळ्यातून मध्यावर न्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात कुणीतरी चार जणांना दम भरायला हवा होता. मुठी आवळून ओरडणं हा नुसता देखावा आहे, असं जुलैमध्ये म्हणणारे लोक त्या रात्रीनंतर ते म्हणेनासे झाले. उलट बाजूनं एक गोष्ट मात्र मामा बरोबर सांगतो: मागचा एक जण सतत ओरडून जागा सांगत असला की बाजूची तरुण पोरं स्वतः मान वळवून बघायची सवय सोडतात. मग तो नसतो त्या दिवशी पंचाईत.

एवढ्यावर थांबलं असतं तर झिंगनची आरती ओवाळून लेख संपवता आला असता. पण एप्रिल 2025 आला. पुन्हा सेमीफायनल, समोर बेंगळुरू. पहिल्या लेगमध्ये गोवा 2-0 नं हरला आणि त्यातला एक स्वयंगोल झिंगनच्याच नावावर लागला. दुसऱ्या लेगला फातोर्ड्यावर बोर्हा एरेरा आणि सादिकूनं दोन्ही गोल फेडले, बरोबरी झाली, आणि नव्वद मिनिटं उलटल्यावर सुनील छेत्रीनं डोकं लावलं. पुन्हा डोकं, पुन्हा शेवटची मिनिटं, पुन्हा बेंगळुरू. चाळिशी गाठलेल्या माणसाला तिथं मोकळं कोण सोडतं? यावर आकडेवाल्यानंही मोबाइल उलटा ठेवला. त्यानंतर महिनाभरात, 3 मे ला, भुवनेश्वरला याच संघानं फायनलमध्ये जमशेदपूरला 3-0 नं हरवून सुपर कप आणला. या दोन्ही गोष्टी एकाच संघाच्या, एकाच महिन्यातल्या. आता लिहा गुण-दोषांचा तक्ता.

आणि ऑक्टोबर 2025 बद्दल काय म्हणणार? सिंगापूरला भारताची आशियाई कप पात्रता फेरीची मॅच, तारीख 9. दुसरा हाफ सुरू होऊन दोनच मिनिटं झालेली, आणि झिंगनला दुसरं पिवळं कार्ड. दहा जणांनी झुंजून शेवटी रहीम अलीच्या गोलावर 1-1 केलं. परतीची मॅच 14 तारखेला, आणि ती नेमकी फातोर्ड्यावर. निलंबनामुळे झिंगन बाहेर, त्याच्याच घरच्या मैदानावर. छांगतेनं सुरुवातीलाच सुंदर गोल घातला. या वेळी तो आपल्या बाजूनं होता म्हणून आम्ही त्याला एप्रिल 2024 माफ करून टाकला. मग सिंगापूरनं हाफ टाइमच्या तोंडावर एक आणि नंतर एक घातला. भारत 1-2 हरला आणि 2027 च्या आशियाई कपाची वाट बंद झाली.

परतताना बसमध्ये दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, झिंगन असता तर जिंकलो असतो. दुसऱ्याचं, झिंगननं तिकडे डोकं ताळ्यावर ठेवलं असतं तर तो इथं असता. दोन्ही बाजूंचे लोक खरं म्हणजे एकच गोष्ट सांगत होते, फक्त बोरीपासून फोंड्यापर्यंत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मी मध्ये पडलो नाही. माझं मत विचाराल तर अशा माणसाला कप्तानीची पट्टी द्यावी आणि पहिलं पिवळं कार्ड मिळालं की शांतपणे बाकावर बसवावं. मामा यावर म्हणतो, बाकावर बसवायला मागे दुसरा स्टॉपर लागतो.

तो कुठून आणायचा, हा मामाच्या तक्रारीचा खरा गाभा. गवळी-नाईक गेल्यावर गोव्यानं स्टॉपर दिलेच नाहीत असं तो म्हणतो, आणि इथे मला त्याच्याशी वाद घालता येत नाही. एफसी गोवातले आपले बचावपटू आठवून बघा: सेरिटन फर्नांडिस, सान्सन परेरा, सेव्हियर गामा, लिअँडर डिकुन्हा. सगळे बाजूचे बॅक. कडेनं पळणारे, पास देऊन पुन्हा पळणारे, पायात बॉल असला की खूश. मधोमध उभा राहायला माणूस पंजाबातून, ईशान्येकडून, नाहीतर स्पेनमधून. उंचीचं कारण सगळे देतात, ते मला पुरतं पटत नाही. गवळीची उंची सांगितली ना. मला वाटतं दोष आमच्या मैदानांचा आहे. भात कापून झालं की शेतात गोलपोस्ट रोवून पोरं खेळतात ते पाच-पाच, सात-सात जणांचं. जागा छोटी, गोल बुटका, बॉल जमिनीवर. उंच क्रॉस नाही, कॉर्नरला गर्दी नाही, ऑफसाइड तर कुणी पाळतच नाही. त्यात ड्रिबल करणारा राजा. रात्रीच्या टुर्नामेंटांत बक्षीस असतं ते सर्वाधिक गोलांचं, नाहीतर चांगल्या गोलीचं. मधोमध उभं राहून नव्वद मिनिटं माणसं मोजत बसणाऱ्याला तिथं कामच नाही. वयाच्या पंधराव्या वर्षी तो मोठ्या मैदानावर येतो तेव्हा त्याला डोक्यावरून येणारा बॉल पहिल्यांदा भेटतो. तोवर पंजाबातल्या मुलानं असे हजार बॉल परतवलेले असतात.

मामाला टाचेला टोचलेल्या त्या उंच मुलाकडून आशा होत्या. मुलाचं उभं राहणं सुधारलं होतं, डोकं लावायला तो कचरेनासा झाला होता, आणि मामा त्याला रविवारी सकाळी वेगळा बोलावून उंच बॉल मारून द्यायचा. गेल्या पावसाळ्यात गावातल्या एका टुर्नामेंटमध्ये तो मुलगा सहज पुढे गेला आणि त्यानं दोन गोल घातले. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांनी सांगितलं, पोरगा आता विंगवर खेळणार, मागे उभा राहून कुणाचं नाव झालंय?

मामा त्या गृहस्थाशी आता बोलत नाही. हॉटेलात तो समोर आला की मामा भजी अर्धी टाकून उठतो, आणि बिल मला द्यावं लागतं.